जपानी घेऊन पदवी करावी का? खानापूरच्या विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बेळगावात बारावी आर्ट्सला. वडील तिथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात कामाला. तिला जपानी शिकायचंय आणि तिच्यापुढे तीन पेच आहेत. पदवीच जपानीत करावी, की दुसरी कुठली पदवी घेता घेता क्लास लावून जपानीची एन-थ्री ही मधल्या पातळीची परीक्षा द्यावी? इंग्रजी कच्चं आहे, ते आड येईल का? आणि घरचे विचारतात, भाषा शिकून पोट भरतं का?

मी मूळची निपाणीची. पुण्यात बरीच वर्षं जपानी शिकवते, शिवाय कारखान्यांत दुभाषी म्हणून जाते. आपल्या भागातून जपानी शिकायला बाहेर पडलेल्या मुलामुलींचं पुढे काय होतं ते जवळून बघत आलेय. माझं मत आधीच सांगून टाकते. पदवी कर, पण तिच्या जोडीला एक विषय धर. जपानीतून तुला काय वाचायचंय, कुठल्या कामात शिरायचंय, ते पहिल्या दोन वर्षांत शोध आणि मग सोडू नकोस. ज्यांनी असा विषय धरला ते टिकले. एकामागून एक लेव्हल काढत राहिलेल्यांपैकी पुष्कळजण एन-थ्रीला येऊन थांबले, कारण पुढे कशासाठी शिकायचं तेच त्यांना उमगेना.

क्लास आणि विद्यापीठ यांत फरक काय, ते आधी नीट बघ. जेएलपीटी ही जपानीची सगळ्यात चालणारी परीक्षा. एन-फाइव्ह सर्वांत सोपी, एन-वन सर्वांत अवघड. शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणं एवढंच त्यात तपासतात, तेही पर्याय देऊन. बोलण्याची परीक्षा नाही, निबंध नाही. चांगला क्लास तुला त्या परीक्षेतून पार करील, यात शंका नाही. पण एन-टू झालेल्या मुलाला जपानी माणसाशी दहा मिनिटं धड बोलता येत नाही, एक साधी मेल लिहिता येत नाही, हेही मी कितीदा पाहिलंय. विद्यापीठात तुला लिहावं लागतं, वर्गात उभं राहून बोलावं लागतं, आणि मुख्य म्हणजे १८६८ च्या मेइजी क्रांतीनंतर तो देश कसा बदलला, तिथली शाळा, शेती, कुटुंब कशी उभी राहिली, हे वाचावं लागतं.

हे वाचन आपल्याला परकं नाही. महर्षी कर्व्यांच्या हातात टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली आणि १९१६ साली त्यांनी हिंगण्याला महिला विद्यापीठ काढलं. आता विचार कर. मुलींना काय शिकवायचं हे तेव्हाच्या जपानने कसं ठरवलं होतं? त्यातलं कर्व्यांनी काय घेतलं, काय सोडलं? याचं उत्तर शोधायचं तर मूळ जपानी कागद वाचता आले पाहिजेत आणि मराठीही मुरलेली पाहिजे. या दोन्ही गोष्टी एका माणसाकडे असणं दुर्मिळ आहे. तुझ्यासारख्या मुलीने पदवीनंतर एमए, पीएचडीकडे वळायचं ठरवलं, तर असे कितीतरी विषय वाट बघत पडलेत.

आता तुझ्या जमेच्या बाजूकडे येते, कारण सीमाभागातली मुलं स्वतःला कमी लेखतात आणि मला त्याचा राग येतो. तुला घरात मराठी आहे आणि बाजारात, बसमध्ये, शाळेत कन्नड आहे. जपानीसाठी यापेक्षा चांगली तयारी भारतात फारशी कुणाची नसते.

उच्चारांपासून बघ. जपानीत 'त्सु' हा आवाज आहे. उत्तरेकडच्या मुलांना तो काही केल्या जमत नाही, ती 'सु' किंवा 'चु' म्हणतात. तू 'चूल' म्हणतेस तेव्हा जीभ जिथे लागते तोच हा आवाज. तुला शिकायचंच नाही, फक्त ओळखायचाय. पण पुढची गोष्ट मराठीत नाही आणि ती कन्नडात आहे. जपानीत स्वर लांबवला की शब्द बदलतो. 'कोको' म्हणजे इथे, 'कोओकोओ' म्हणजे उच्च माध्यमिक शाळा. 'ओबासान' मावशी-काकू, 'ओबाआसान' आजी. पुण्याच्या मुलांचे कान हा फरक पकडायला महिनोन्महिने घेतात, कारण मराठीत आखूड ओ आणि लांब ओ असा भेद नाही. कन्नडात आहे. 'दे' या अर्थाचं आखूड ओचं कोडु आणि 'शिंग' या अर्थाचं लांब ओचं कोडु तू वेगवेगळं ऐकतेस की नाही? तोच कान इथे लाव. म्हणूनच एक कळकळीची विनंती, जपानी देवनागरीत लिहून पाठ करू नकोस. मी इथे लिहितेय ते वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी. देवनागरीत स्वरांची लांबी हरवते आणि एकदा चुकीचं बसलं की पुसता पुसत नाही. पहिल्या महिन्यात हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन अक्षरमाला, प्रत्येकी ४६ अक्षरं, हातात बसव आणि मग त्यातच लिही.

वाक्यरचनेचं तर विचारूच नकोस. क्रियापद शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय नामामागून. 'करून बघ' म्हणजे 'शिते मिरु', इथे 'मिरु' म्हणजे बघणं. 'करून ठेव' म्हणजे 'शिते ओकु', आणि 'ओकु' म्हणजे ठेवणं. घरातून निघताना जपानी माणूस 'इत्ते किमास' म्हणतो, म्हणजे आपलं 'जाऊन येतो'. 'काल आलेला माणूस' हे 'किनोओ किता हितो' असं जसंच्या तसं जातं. कन्नडातही ते 'निन्ने बंद मनुष्य' असंच होतं. मराठीतलं 'जो... तो' मात्र जपानीत नाही, त्यामुळे लांब वाक्य आलं की 'आलेला, केलेलं, सांगितलेली' या वाटेने जायचं. पाठ्यपुस्तकांत स्पष्टीकरणं इंग्रजीत असतात आणि मुलं जपानी वाक्य आधी इंग्रजीत नेतात, तिथून मराठीत आणतात. हा फेरा कशाला? सरळ मराठीतून जा. बरोबर त्याच ठिकाणी कन्नड जवळचं वाटलं तर कन्नडातून जा.

पावसाचंच उदाहरण घे. कणकुंबी-जांबोटीकडे वाढलेल्या मुलीला पाऊस किती तऱ्हांनी पडतो हे सांगायला नको. धो धो, रिमझिम, टपटप. जपानीत 'झाआझाआ', 'शितोशितो', 'पोत्सुपोत्सु'. छाती धडधडते तिथे 'दोकिदोकि', ढग गडगडतात तिथे 'गोरोगोरो'. असे जोडशब्द जपानीत शेकड्यांनी आहेत आणि इंग्रजीतून शिकणाऱ्यांना ते पोरखेळ वाटतात. मराठी माणसाला ते वापरायची लाज वाटत नाही, त्यामुळे आपल्या मुलांचं बोलणं लवकर जिवंत होतं.

तुला खरा त्रास दोन ठिकाणी होणार. एक कांजी, म्हणजे चिनी लिपीतून जपानीत आलेली चिन्हं. रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या कांजींची सरकारी यादी २,१३६ ची आहे आणि एकेका चिन्हाचे उच्चार अनेक. '生' हे एकच चिन्ह 'सेइ', 'शोओ', 'नामा' असं वाचलं जातं, 'इकिरु' म्हणजे जगणं यातही येतं आणि 'उमारेरु' म्हणजे जन्मणं यातही. एकेकटी कांजी घोकणारी मुलं सहा महिन्यांत हरतात. शब्द शिकायचा, त्यातली कांजी शिकायची. गणिताची चौकटीची वही आण, रेघांचा क्रम पाळून लिही, आणि रोज थोडंच पण न चुकता. याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

दुसरा त्रास आदराच्या भाषेचा, आणि संस्कृती शिकणं म्हणजे काय ते इथे कळतं. चहाचा विधी, किमोनो, चेरीची फुलं हे विद्यापीठाच्या कार्यक्रमात छान असतं, पण कामाला लागतं ते वेगळंच. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहे, त्यामुळे मुलांना वाटतं की जपानी आदरार्थी सोपं जाईल. मग वर्गात फोनचा प्रसंग करून घेते. समजा तू कंपनीत आहेस, बाहेरच्या माणसाचा फोन आला, त्याला तुझ्या साहेबांशी, तानाकांशी बोलायचंय आणि ते जागेवर नाहीत. आपण काय म्हणू? 'साहेब बाहेर गेलेत.' साहेबांना आदर आलाच पाहिजे. जपानीत म्हणायचं 'तानाका वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमास'. नुसतं तानाका, मागे आदराचं 'सान' नाही, आणि क्रियापद नम्रतेचं, स्वतःला कमी करणारं. कारण बाहेरच्याशी बोलताना तुझे साहेब 'आपल्यातले' झाले, आणि आपल्यातल्याला बाहेरच्यापुढे मोठं करत नाहीत. फोन ठेवून मागे वळलीस की तेच 'तानाका-सान' आणि पूर्ण आदर. हे कळायला एक तास लागतो, जिभेवर यायला दोन-तीन वर्षं. कोण आतलं आणि कोण बाहेरचं, ते क्षणाक्षणाला कसं बदलतं, हे ज्याच्या अंगात भिनलं त्याला जपानी माणसं बैठकीला पुन्हा बोलावतात.

आता कुठे शिकायचं. बेळगावात राहून पूर्ण पदवी जपानीत करायची सोय मला दिसत नाही, तेव्हा बाहेर पडावं लागेल. सर्वांत जवळचं आणि तुला सोयीचं पुणं. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीत बीए आणि एमए होतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, म्हणजे फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, सर्टिफिकेट आणि डिप्लोमा असे अर्धवेळ अभ्यासक्रम आहेत. दुसरी पदवी घेता घेता करणाऱ्यांना ते बरे. दिल्लीला जेएनयूमध्ये, म्हणजे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, जपानीत बीए ऑनर्स आहे आणि प्रवेश सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेवर. शांतिनिकेतनला विश्वभारती विद्यापीठाचं निप्पोन भवन, म्हणजे जपानीचा विभाग आहे. जेएनयूला जमलं तर दुसरा विचार करू नकोस. खर्च कमी, ग्रंथालय मोठं आणि आजूबाजूला इतिहास, अर्थशास्त्र, राजकारण शिकणारी मुलं. तुला धरायचा तो विषय तिथे आपोआप भेटतो. पुण्याचा फायदा वेगळा. तिथे शिकणारे-शिकवणारे पुष्कळ आहेत, चाकण-तळेगावकडे जपानी कंपन्या आहेत, आणि ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीतून सिंहगड रस्त्यावर जपानी धर्तीची बागही उभी राहिलीय. सुट्टीत रात्रीच्या गाडीने घरी येता येतं हेही मी कमी महत्त्वाचं मानत नाही. महाराष्ट्रात सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मुलांसाठी प्रवेशात काही सवलती आहेत. तुझं गाव त्यात असेल तर दाखला काढून ठेव आणि या अभ्यासक्रमाला ती लागू होते का ते प्रवेशाच्या खिडकीवरच विचार.

इंग्रजीबद्दल. जपानी शिकायला ते फारसं आड येत नाही, पण प्रवेश परीक्षेला आणि संदर्भग्रंथांना येतं. सीयूईटी मराठीतून देता येते, तरी अशा अभ्यासक्रमांना इंग्रजीचा पेपर सुटत नाही. तेव्हा वर्षभर रोज अर्धा तास इंग्रजी वाचन ठेव.

विद्यापीठाचा आणखी एक फायदा आहे जो क्लासवाले सांगत नाहीत. जपान सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या, म्हणजे मेक्स्टच्या शिष्यवृत्तीत 'जपानी भाषा आणि संस्कृती' असा वेगळा प्रकार आहे. तो फक्त जपानबाहेरच्या विद्यापीठात जपानी भाषा किंवा संस्कृती हाच मुख्य विषय घेऊन पदवी करणाऱ्यांसाठी. साधारण एक वर्ष जपानच्या विद्यापीठात, फी माफ, विमानभाडं आणि दरमहा खर्चाला पैसे. अर्ज दिल्लीच्या जपानी दूतावासामार्फत, भाषेची परीक्षा आणि मुलाखत. क्लास लावून एन-टू काढलेल्या कॉमर्सच्या मुलीला हे दार बंद असतं, तुला उघडं राहील. बारावीनंतर थेट जपानला पदवीसाठी जायचीही मेक्स्ट शिष्यवृत्ती आहे, पण तिथे कलाशाखेलाही गणिताचा पेपर असतो आणि आर्ट्सची मुलं त्यातच अडतात. स्वतःच्या पैशाने जायचं तर राष्ट्रीय विद्यापीठांची ठरलेली फी वर्षाला ५,३५,८०० येन आणि प्रवेशाचे २,८२,००० येन. काहींनी अलीकडे ती वाढवलीय. वर राहणं-खाणं वेगळं. तुमच्या घरच्या परिस्थितीत मी हा रस्ता सुचवणार नाही.

आणि एजंटांपासून जप. 'सहा महिन्यांत जपान' अशी जाहिरात घेऊन फिरणारे आता बेळगाव-चिकोडीपर्यंत पोचलेत. ते बहुधा दोन गोष्टी सांगतात. एक, तिकडच्या भाषाशाळेत प्रवेश घे, शिकत शिकत कमव. विद्यार्थ्याला परवानगी काढून आठवड्याला २८ तासच काम करता येतं. त्यातून फी आणि टोकियोसारख्या शहरातलं भाडं दोन्ही भागत नाही, आणि गावाकडचं कर्ज डोक्यावर राहतं. दुसरी वाट 'तोकुतेइ गिनोओ' व्हिसाची, म्हणजे रुग्णसेवा, शेती, कारखाना अशा कामांसाठी. तिला एन-फोर किंवा त्या तोडीची परीक्षा आणि कामाची परीक्षा लागते. ते कष्टाचं आणि मानाचं काम आहे, ज्याला तेच करायचंय त्याने जरूर जावं. पण पाठवणाऱ्याची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंद आहे का ते बघून, पगार आणि कापून घ्यायच्या रकमा लेखी घेऊन. पदवीचा आणि याचा संबंध नाही, तेव्हा घरच्यांनी दोन्ही एकाच तराजूत टाकू नयेत.

पोट भरतं का, याचं उत्तर तुझ्या वडिलांच्या कामातच दडलंय. किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते बेळगावात, आणि आज टोयोटाच्या जोडीने त्यांचं नाव बेंगळुरूजवळच्या बिडदीच्या मोटार कारखान्यावर आहे. मधल्या काळात बेळगावात ओतकामाचा केवढा धंदा उभा राहिला, तो तुझ्या घराने बघितलाय. जपानी गिऱ्हाईक अशा कारखान्यात ऑडिटला येतं तेव्हा दुभाषी लागतो, आणि साहित्य शिकून आलेला दुभाषी तिथे घामाघूम होतो. जपानीत ओतीव मालाला 'इमोनो' म्हणतात. लाकडी पॅटर्न 'किगाता', वाळूचा साचा 'सुनागाता', आत पोकळी ठेवायला बसवायचा कोअर 'नाकागो', कडेला राहिलेली धातूची जास्तीची कोर, म्हणजे बर, ती 'बारि', आणि ओतताना आत राहिलेली पोकळी 'सु'. हे शब्द यादीतून पाठ होतील, पण कोअर सरकला की माल का फुकट जातो हे तुला वडिलांना विचारून एका संध्याकाळी कळेल. जपानी इंजिनियर भिंतीला टेकून बोलत नाही, तो 'गेन्बा'त, प्रत्यक्ष कामाच्या जागी जातो आणि तुकडा हातात घेऊन विचारतो. तिथे उभं राहून बोलू शकणाऱ्या मुली मला हव्या आहेत आणि मिळत नाहीत.

आकड्यांचीही एक गोष्ट आत्ताच शिकून ठेव. जपानीत मोठे आकडे दहा हजारांच्या 'मान'वर मोजतात. बैठकीत कुणी पन्नास लाख म्हणालं की आपली मुलं आधी ते मिलियनमध्ये नेतात आणि मध्येच हरवतात. सरळ हिशेब असा: एक लाख म्हणजे दहा मान, एक कोटी म्हणजे हजार मान. पन्नास लाख म्हणजे पाचशे मान, 'गोह्याकु मान'. पन्नास वेळा तोंडी करून बघ, बैठकीत जीभ अडखळणार नाही.

साध्या पत्रांचं, पत्रकांचं भाषांतर यंत्रं करू लागलीत आणि ते काम कमी होत जाणार, हे घरच्यांपासून लपवू नकोस. नुसत्या एन-थ्रीवर भागणार नाही. एन-टू आणि त्याच्याबरोबर एक क्षेत्र, मग ते ओतकाम असो, सॉफ्टवेअर असो, शिकवणं असो की संशोधन, एवढं असेल तर काम मिळतं. सुरुवातीला पुणं किंवा बेंगळुरूलाच राहावं लागेल. बेळगावात बसून पूर्णवेळ जपानीचं काम मिळायचे दिवस अजून आलेले नाहीत.

प्रवेशाला अजून वेळ आहे, तेवढ्यात एक गोष्ट करून बघ. जपान फाउंडेशनच्या 'मिनातो' या संकेतस्थळावर घरबसल्या सुरुवातीचे अभ्यासक्रम मिळतात. त्यावर अक्षरं आणि पहिले धडे कर आणि डिसेंबरची एन-फाइव्ह पुणे केंद्रावरून दे. ही परीक्षा पास होण्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे, रोज बसायची गोडी लागते का ते तुला आणि घरच्यांना कळेल. पुण्याच्या जागा भरून जातात, त्यामुळे नोंदणी सुरू होताच फॉर्म भर. आणि तो भरण्याआधी कागदपत्रं काढून नाव तपास. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आद्याक्षरं, आधारवर आडनाव शेवटी, कुठे स्पेलिंग कन्नड उच्चाराप्रमाणे, असे तीन कागद तीन तऱ्हेचे असतात. पुढे शिष्यवृत्तीला, पासपोर्टला, व्हिसाला हे एकच नाव लागणार आहे. पासपोर्ट आत्ताच काढ, बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घे, आणि जेएलपीटीच्या फॉर्मवर तेच स्पेलिंग लिही.